जर्मनीतलं विद्यापीठ निवडताना आधी तुझ्या कामाचं जर्मन नाव शोध

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी सांगलीची. शिवाजी विद्यापीठातून मेकॅनिकलमध्ये बी.टेक. केलं, सीजीपीए ७.८. दीड वर्षापासून चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट्स बनवतात त्या विभागात, आहे. जर्मनीत मास्टर्स करायचंय. कन्सल्टंटने आठ विद्यापीठांची यादी दिली आहे, त्यातली चार खासगी आहेत. बाबा म्हणतात, जगात ज्याचा नंबर सगळ्यात वर तेच घे. घरचे पंधरा लाख उभे करू शकतात, वर लागलं तर कर्ज. जर्मन ए-१ झालंय. निवडायचं कसं?

उत्तर:

प्रेस शॉपमध्ये दीड वर्ष काढलंस, ही तुझ्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट आणि ती तू अर्ध्या ओळीत उरकलीस. यादी बाजूला ठेव, तिथूनच सुरुवात करू.

मी सतरा वर्षं पुण्यात जर्मनीला जाणाऱ्या मुलामुलींबरोबर हेच काम करते. त्याआधी स्वतः तिथे शिकले आणि चार वर्षं नोकरी केली. माझी फी विद्यार्थी देतात, कुठल्याही संस्थेकडून मला पैसे मिळत नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढे तुझ्या यादीबद्दल बोलायचं आहे.

ड्रॉ करताना पत्रा कोपऱ्यात का फाटतो, पार्टला रिंकल का येते, स्प्रिंगबॅक किती धरायचा, डाय ट्रायआउटला आठ-आठ दिवस का जातात, हे तू रोज बघतेस. या सगळ्या विद्येला जर्मनीत एक नाव आहे: उमफॉर्मटेक्निक (Umformtechnik), म्हणजे धातूला न कापता आकार देण्याचं तंत्र. हा शब्द जर्मन स्पेलिंगने टाकून विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर शोध. तुझ्या कन्सल्टंटच्या यादीपेक्षा वेगळीच यादी समोर येईल.

कारण जर्मन विद्यापीठात 'मेकॅनिकल डिपार्टमेंट' असा एकच गठ्ठा नसतो. विद्याशाखेच्या पोटात इन्स्टिट्यूट असतात आणि प्रत्येकाचा विषय अगदी नेमका असतो. त्यांच्या स्वतःच्या प्रेस असतात, स्वतःची लॅब असते आणि कंपन्यांकडून आलेले प्रकल्प असतात. विद्यार्थ्यांना हिवीचं, म्हणजे संशोधनात मदतनिसाचं, पगारी काम तिथेच मिळतं आणि थीसिसही तिथेच होतो. डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात उमफॉर्मटेक्निक आणि हलक्या बांधणीच्या रचना या दोन्हींची मिळून एक मोठी इन्स्टिट्यूट आहे. हॅनोव्हरला फॉर्मिंग आणि त्याच्या मशीन्सची वेगळी इन्स्टिट्यूट आहे. डार्मश्टाट, स्टुटगार्ट, आखेन, म्युनिक इथेही या विषयाची स्वतंत्र घरं आहेत. केम्निट्सला तर फ्राउनहोफरची मशीन टूल्स आणि फॉर्मिंग याच विषयाला वाहिलेली संशोधन संस्था आहे, विद्यापीठाशी तिचं घट्ट नातं आहे, आणि फोक्सवॅगनचा त्स्विकाऊचा कारखाना तिथून फार लांब नाही.

यातल्या सगळ्याच ठिकाणी मास्टर्स इंग्रजीत होत नाही. म्हणून दुसरी चाळणी लावायची: इंग्रजीत शिकवला जाणारा कोर्स कुठे आहे? डॉर्टमुंडचा मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजीचा मास्टर्स इंग्रजीत आहे, केम्निट्सचा अॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंगचाही. बाकीचे तू डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवेच्या, संकेतस्थळावरच्या कोर्सच्या यादीत शोध. ती फुकट आहे आणि कन्सल्टंटही तीच वापरतात.

आता बाबांच्या नंबराबद्दल. ते चुकीचं काही मागत नाहीत. मुलगी इतक्या लांब जाणार, तर ते ठिकाण नावाजलेलं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. पण तो नंबर कशाचा बनतो ते त्यांना दाखव. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत ३० टक्के वजन जगभरातल्या प्राध्यापकांच्या मताला आहे, २० टक्के शोधनिबंधांच्या उल्लेखांना, १५ टक्के कंपन्यांच्या मताला. तुझा कोर्स कसा शिकवतात, लॅबमध्ये कुठली प्रेस आहे, हे त्यात कुठेच मोजलेलं नाही. शिवाय जर्मनीतलं पुष्कळ संशोधन माक्स प्लांक आणि फ्राउनहोफरसारख्या विद्यापीठाबाहेरच्या संस्थांमध्ये होतं, ते श्रेय विद्यापीठांच्या खात्यावर पूर्ण जमा होत नाही. केम्निट्सचं नाव त्या क्रमवारीत वरच्या जागांवर दिसणार नाही, पण प्रेस शॉपमधून आलेल्या मुलीला तिथे जे मिळेल ते वरच्या पन्नासातल्या बहुतेक ठिकाणी मिळणार नाही.

एका बाबतीत मात्र नंबर पाहावाच लागतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्यायची असेल तर तिच्या अटीत क्यूएसची क्रमवारी असते. तू त्या योजनेत बसत असशील तर त्या वर्षीची जाहिरात आधी वाच आणि मगच यादी कर. तिथे विषय कितीही जुळला तरी क्रमवारीच्या अटीला पर्याय नाही.

कोर्स सापडला की त्याचं मॉड्यूल हँडबुक उघड. हा त्या कोर्सचा सविस्तर अभ्यासक्रम असतो, बहुतेक वेळा शंभर-दीडशे पानांचा पीडीएफ. तो वाचल्याशिवाय मी कुणालाही अर्ज करू देत नाही. त्याला माझं स्वतःचं कारण आहे.

मी गेले तेव्हा माहितीपत्रकावर 'इंग्रजी कोर्स' असं वाचलं आणि तेवढ्यावर निघाले. पहिलं सेमेस्टर छान गेलं. दुसऱ्यात ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली. मला हवे होते त्या सहापैकी चार विषयांची व्याख्यानं जर्मनमध्ये होती आणि माझं जर्मन भाजी आणण्यापुरतं होतं. राहिलेल्या दोनपैकी एक विषय फक्त हिवाळी सेमेस्टरमध्ये शिकवत, म्हणजे त्यासाठी सहा महिने थांबायचं. ते सेमेस्टर माझं वाया गेलं, घरून आणखी पैसे मागवावे लागले. माझ्या बाबांनी नगरच्या पतपेढीतून ते उचलून पाठवले. नंतर हँडबुक उघडलं तर प्रत्येक विषयाच्या पानावर भाषा आणि सेमेस्टर स्वच्छ छापलेलं होतं. लपवलेलं काही नव्हतं. मी वाचलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक विषयाच्या पानावर चार ओळी बघ. 'श्प्राखे' म्हणजे भाषा: तिथे 'डॉइच' लिहिलंय की 'एंग्लिश'. 'टुर्नुस' म्हणजे विषय कधी असतो: दर सेमेस्टरला, फक्त हिवाळ्यात, की फक्त उन्हाळ्यात. तिसरी ओळ परीक्षेची: लेखी, तोंडी की प्रकल्प. आणि चौथी पूर्वअटींची, म्हणजे तो विषय घ्यायला आधी काय झालेलं हवं. एक वही घे, तुला खरोखर शिकायचे असलेले आठ विषय लिही आणि त्यांच्यापुढे या चार गोष्टी भर. आठपैकी पाच इंग्रजीत आणि वेळेवर मिळत असतील तर तो कोर्स यादीत ठेव. दोनच मिळत असतील तर नाव कितीही मोठं असो, खोड.

पुढचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त नकार इथेच येतात. आधी ७.८ चे जर्मन गुण काढू. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल वजा किमान पास गुण याने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. कमाल १०, पास व्हायला ४ लागतात असं धरलं तर २.२ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.१. पण गुणपत्रिकेच्या मागे पास व्हायला ५ लागतात असं छापलं असेल तर तेच उत्तर २.३ येतं. पुष्कळ कोर्सची रेषा २.५ ला असते, म्हणजे दोन्ही हिशेबांत तू आत आहेस. मात्र जागा मोजक्या असलेल्या कोर्समध्ये हा ०.२ चा फरक बाहेर ठेवू शकतो. तेव्हा किमान गुण किती, याचं विद्यापीठाचं पत्र आधीच काढून ठेव.

मग क्रेडिट. प्रवेशाच्या अटीत 'गणिताचे किमान इतके, मेकॅनिक्सचे किमान इतके' असं लिहिलेलं असतं आणि ते युरोपच्या ईसीटीएस मापात असतं. वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे चार वर्षांचे २४०. आपल्या बी.टेक.चे १६० क्रेडिट धरले तर ढोबळमानाने आपला एक क्रेडिट तिथला दीड होतो. समजा तुझ्या पहिल्या तीन गणितांचे मिळून १२ क्रेडिट आहेत. त्याचे १८ होतात. अट २० ची असेल तर दोन कमी पडले आणि अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर. पण तू न्यूमरिकल मेथड्स किंवा स्टॅटिस्टिक्स केलं असेल तर तेही गणितच आहे, फक्त नावात 'मॅथ्स' नाही म्हणून मुली ते मोजतच नाहीत. तो विषय गणिताच्या रकान्यात लिही आणि सोबत त्याचा अभ्यासक्रम जोड. हा गुणाकार प्रत्येक विद्यापीठ आपल्या पद्धतीने करतं, म्हणून अटीच्या अगदी काठावर असशील तिथे आधी ईमेल करून विचार. प्रवेशाच्या कचेरीतली माणसं उत्तर देतात, फक्त प्रश्न नेमका विचारावा लागतो.

यादीतल्या चार खासगी संस्थांबद्दल आता. सरकारी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटला कमिशन देत नाहीत, अनेक खासगी संस्था देतात. तुझा कन्सल्टंट वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण ७.८ सीजीपीए आणि उत्पादनातला अनुभव असलेल्या मेकॅनिकलच्या मुलीच्या यादीत अर्ध्या जागा खासगी का, हा प्रश्न त्यांना तोंडावर विचार. त्या चारांपैकी एखादी तरीही आवडली असेल तर तिला जर्मन सरकारी मान्यता आहे का, आणि वर्ग प्रत्यक्ष भरतात की बराचसा कोर्स घरबसल्या आहे, हे लेखी मागून घे. घरबसल्या शिकायच्या कोर्सवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही आणि भरलेली फी परत मिळवताना मुलांचे फार हाल होतात. मी ते रडणं समोर बसून ऐकलंय.

खासगी नसलेल्यांतही सगळं फुकट नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, फक्त सेमेस्टरचं शुल्क असतं, साधारण १५० ते ४०० युरो. त्यात अनेकदा बस-ट्रेनचा पासही येतो. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमेस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. चार सेमेस्टरचे ६,०००. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळ्यापासून अशाच विद्यार्थ्यांकडून मास्टर्सला सेमेस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. आणि काही सरकारी विद्यापीठांत नोकरदारांसाठीचे वेगळे, भरपूर फीचे मास्टर्सही असतात. नावावरून ते कळत नाहीत, फीचं पान उघडावंच लागतं.

फीपेक्षा मोठा खर्च शहराचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून दर महिन्याला ९९२ मिळतात. आजच्या भावाने तिथेच बारा लाखांच्या वर गेले. म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधली एक खोली ७००-८०० युरोला जाते, मग ९९२ मधून जेवणाला आणि आरोग्य विम्याला काय उरणार? विमाच महिन्याला सव्वाशेच्या पुढे आहे. केम्निट्स किंवा माग्डेबुर्गला खोली ३०० च्या आसपास मिळते. पंधरा लाखांत केम्निट्सचं पहिलं वर्ष निभतं आणि चार पैसे गाठीला राहतात. म्युनिकमध्ये सहाव्या महिन्यात कर्जाचा विषय निघेल आणि तू लेक्चर सोडून गोदामात पार्सलं लावायला जाशील. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, हे खरं. पण पहिलं वर्ष त्या पैशांच्या भरवशावर आखू नकोस.

केम्निट्सचं नाव मी वारंवार घेतेय, तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे कडव्या उजव्या गटांची हिंसक निदर्शनं झाली होती. पूर्वेकडच्या लहान शहरांत इंग्रजी कमी चालतं, संध्याकाळी रस्ते लवकर शांत होतात, आणि गोऱ्या नसलेल्या माणसाकडे टक लावून बघणारे लोकही भेटतात. माझ्याकडून गेलेल्या बहुतेक मुली तिथे नीट राहिल्या, पण एकीला ते शहर मानवलं नाही आणि ती वर्षभर खिन्न होती. तिच्या बाबतीत मी शहराबद्दल पुरेसं बोलले नव्हते. तेव्हापासून मी सांगते, ज्या शहरात जायचं तिथे आत्ता शिकत असलेल्या दोन भारतीय मुलींशी फोनवर बोल, मुलांशी नाही. रात्री लॅबमधून परत कशी येतेस, खोली कशी मिळाली, आजारी पडलीस तेव्हा काय केलंस, हे विचार. भारतीय विद्यार्थी संघटना जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात आहे, तिथून अशा मुली सापडतात.

डॉर्टमुंड मोठं आहे, रुहर भागात आहे, आजूबाजूला शहरंच शहरं. भाडं म्युनिक आणि केम्निट्स यांच्या मधलं.

होखशूलं, म्हणजे उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं, तुझ्या यादीत आहेत का ते बघ. त्यांचा विचार जरूर कर. तिथे प्राध्यापक व्हायला विद्यापीठाबाहेरच्या नोकरीचा अनुभव लागतो, वर्ग लहान असतात, आणि कंपनीत बसून थीसिस करण्याची वाट रुळलेली असते. पुढे पीएच.डी. करायची असेल तर मात्र पारंपरिक विद्यापीठच सोयीचं. तुझ्या प्रश्नात पीएच.डी.चा उल्लेख नाही, त्यामुळे आठ अर्जांतले तीन होखशूलांना गेले तर मला आनंद होईल.

प्रवेश सोपा दिसला म्हणून खूश होऊ नकोस. काही कोर्समध्ये अटी पूर्ण केल्या की जवळजवळ सगळ्यांना घेतात, खरी गाळणी परीक्षेत होते. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदाही नापास झालीस की नाव कमी होतं आणि त्याच प्रकारच्या कोर्सला जर्मनीत दुसरीकडेही दार बंद होऊ शकतं. आपल्याकडे बॅकलॉग राहिला तर पुढच्या वेळी निघतो, ती सवय तिथे घेऊन जाऊ नकोस. तयारी नसेल तर परीक्षेचं नाव मुदतीत मागे घेता येतं. ते नियम पहिल्या आठवड्यातच वाच.

आणि जर्मन. ए-१ ही भाषेची पहिलीच पायरी, तिथे थांबू नकोस. कोर्स इंग्रजीत होईल, पण प्रेस शॉपमधला फोरमन इंग्रजी बोलणार नाही. तुझ्या विषयातल्या नोकऱ्या मध्यम आकाराच्या, अनेकदा गावाकडच्या, कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्यांमध्ये आहेत आणि तिथे बी-१, खरं तर बी-२ लागतं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ज्या मुलींनी इथूनच बी-१ केलं त्यांना वर्किंग स्टुडंटचं, म्हणजे शिकता शिकता कंपनीत करायचं पगारी, काम दुसऱ्या सेमेस्टरला मिळालं आणि पुढे बहुतेकींना त्याच कंपनीने ठेवून घेतलं. तू चाकणला आहेस. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, शनिवार-रविवारच्या बॅचेस असतात. शिफ्ट सांभाळून जमेल.

बाबांशी बोलताना त्यांच्यासमोर दोन कागद ठेव. एकावर क्रमवारीतलं त्यांच्या पसंतीचं विद्यापीठ, दुसऱ्यावर डॉर्टमुंड किंवा केम्निट्स. दोन्हीकडे तुझे आठ विषय, त्यांची भाषा, खोलीचं भाडं, फी, आणि जवळपासच्या कंपन्या. आखेनसुद्धा पहिल्या कागदावर चालेल, तिथे तुझा विषयही आहे आणि बाबांना हवा तो नंबरही. प्रवेशाची चुरस मोठी आहे, पण आठातला एक अर्ज तिथे करायला काहीच हरकत नाही. बाबांनाच म्हणावं, भरा हे रकाने माझ्याबरोबर. माझ्या अनुभवात रकाने भरताना वडील स्वतःच प्रश्न विचारू लागतात.

कामाचा क्रम असा ठेव. एपीएसचं, म्हणजे भारतीय पदव्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र आधी. नोव्हेंबर २०२२ पासून ते भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी लागतंच, फी १८,००० रुपये, आणि अनेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात. कधी महिन्यात येतं, कधी जास्त लागतं, म्हणून याच आठवड्यात अर्ज टाक. हिवाळी सेमेस्टरची शेवटची तारीख अनेक ठिकाणी १५ जुलै असते, पण आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी काही कोर्स मार्चमध्येच बंद होतात. युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या सेवेमार्फत, अर्ज केलास तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सेमेस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे सगळे आठ तिथूनच केलेस तरी २८५ युरो. तेवढेही वाया जाऊ नयेत म्हणून हँडबुकची वही आधी पूर्ण कर.

गुणपत्रिकेतली गणितं मोजून झाली आणि कुठे दोन-तीन क्रेडिट कमी पडतायत असं दिसलं, तर विषयांची नावं आणि क्रेडिट इथे लिही. आपण दोघी मिळून बघू.